चुन्याची रेघ

ट्रॅक्टरचं मागचं चाक डुलायला लागलं की माणूस आधी काय करतो? काहीच करत नाही. दोन दिवस डुलू देतो. शेजाऱ्याने सांगितलं तर उलट त्याच्यावरच डाफरतो. सावद्याबाहेर केळीचा मळा असलेले सुपडूआबा पाटील याच पठडीतले. त्यांचा ट्रॅक्टर जुना, लाल रंग उडून पार गुलाबी झालेला, आणि डावीकडचा मागचा एक्सल उन्हाळ्यापासून ढिला. दोन वेगवेगळे मिस्तरी आले, बोल्ट आवळले, चहा प्यायले आणि गेले. थोड्या दिवसांत एक्सल पुन्हा ढिला. आबा म्हणायचे, "म्हातारा झाला तो. मान हलनारच."

पण आता श्रावण लागला होता आणि आबांच्या घरी कानबाई बसणार होती. आमच्या खानदेशात कानबाई म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. रविवारी देवी बसते, भाऊबंदकी सगळी एका घरी जमते, रोट होतात, गाणी होतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत देवीला नदीवर न्यायचं. आबांच्या घरची कानबाई तापीवर जाते ती ट्रॉलीतून. ट्रॉलीत लेकी, सुना, म्हाताऱ्या, कडेवरची पोरं. आणि ट्रॅक्टर चालवणार आबांची सून पुनम. तिचा नवरा स्वप्नील वरणगावला फॅक्टरीत, त्यामुळे ट्रॅक्टर हिच्याच हाती, आणि हात चांगला. पण नदीकडे उतरणारा रस्ता असा, की भरलेली ट्रॉली मागून रेटायला लागली की डुलणारं चाक तिथे काय करील, हे कुणी सांगायला नको.

"आबा, ह्या चाकावर मी बायकापोरं नेणार नाही," पुनमने सरळ सांगून टाकलं. म्हणून शनिवारी हसीब मिस्तरीला बोलावणं गेलं.

हसीब सावद्याचाच. हात सोन्याचा, तोंड कडू. गिऱ्हाइकाला चार शब्द सुनावल्याशिवाय त्याचा पाना फिरायचा नाही. हे कसब आणि हे तोंड, दोन्ही त्याने त्याच्या उस्तादकडून घेतलेलं. उस्ताद म्हणजे नूर महंमद मिस्तरी. त्यांचीच लेक कनीज हसीबला दिलेली. नूर महंमद गेल्या वर्षी वारले. भर दुपारी काम करताना जरा टेकतो म्हणाले आणि टेकले ते टेकलेच. त्याआधी महिनाभर छाती धरत होते, कुणी विचारलं की म्हणायचे, "गॅस आहे रे, गॅस."

म्हणून त्या सकाळी हसीब मोटारसायकलला पिशवी अडकवत असताना कनीज दारात आडवी उभी राहिली.

"काल रात्री हात चोळत बसला होतात. डावाच ना?"

"पाना मारून मारून दुखतो. मिस्तरीचा हात आहे, कारकुनाचा नाही."

"अब्बाही असंच काहीतरी सांगायचे. आज डॉक्टरकडे चला."

"कानबाईचं काम आहे गं. लोकांच्या बायकापोरांचा जीव त्या चाकावर आहे. सोमवार होऊन जाऊ दे."

"आणि आमचा जीव?" कनीजने विचारलं. हसीबने किक मारली.

मोटारसायकलला हिसका बसला तसं पिशवीत काहीतरी खुळखुळलं. ती उस्तादची चुन्याची डबी. उस्तादची एक रीत होती. बोल्ट पुरता आवळून झाला, मनाला पटला, की तंबाखूच्या डबीतला चुना अंगठ्याच्या नखावर घेऊन बोल्टच्या माथ्यावर एक तिरकी रेघ ओढायची. रेघ आहे म्हणजे नूर महंमदने जबान दिली. आणि एखादा बोल्ट कितीही घट्ट बसला तरी मनात शंका असली, तर त्याला रेघ नाही. "वरून घट्ट असतो, आतून गेलेला असतो. तसल्याला चुना लावायचा नाही," असं म्हणायचे. हसीब तंबाखूला शिवत नव्हता. उस्ताद गेल्यावर त्याने चुन्याची रीत सोडून दिली, डबी तेवढी ठेवली. आतला चुना वाळून त्याचा खडा झाला होता. तोच वाजायचा.

उस्तादची आणखी एक सवय सांगून ठेवतो. तंबाखू मळून झाली की तळहातावर टाळी मारायचे, चिमूट ओठाखाली ठेवायचे आणि उठायचे. टाळी वाजली की निघायचं. कुठे, ते आधी कधी सांगत नसत. हसीबने पिशवी उचलून मुकाट मागे जायचं. घरी लहानगी कनीज टाळी ऐकली की अब्बांच्या चपला दारात नेऊन ठेवायची.

मळ्यात पोचला तेव्हा आभाळ भरलेलं होतं, पण पाऊस नव्हता. केळीच्या दोन बागांच्या मधोमध पत्र्याची शेड, तिच्या पुढ्यात ट्रॅक्टर. दोन्हीकडून पानं अशी झुकलेली की उजेडसुद्धा हिरवा पडला होता. कापून टाकलेल्या केळीच्या खांबांचा आंबूस वास. कानबाईसाठी शेडीच्या भिंतींनाही चुना मारलेला, त्याचा गार वास त्यात मिसळलेला. शेडीच्या ओट्यावर खाटेवर सुपडूआबा बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. माणूस ओळखायचे ते पावलांवरून.

"आला का, हसीब? सोमवारपर्यंत धकून गेलं असतं रे भो. पन सून आयकत नही."

"आबा, सून आहे म्हणून वाचलात तुम्ही," हसीब चाकाला धक्का देत म्हणाला. चाक खालून इकडेतिकडे हललं आणि आतून कण्हल्यासारखा आवाज आला. "ऐकलंत? आतलं बेअरिंग खाऊन टाकलंय. एवढा आवाज येतोय आणि धकून जाईल म्हणता? आवाज येतो म्हणजे काहीतरी मोडलेलं असतंच. माणूस उगाच स्वतःला फसवतो."

बोलून झालं आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं. डावा हात खांद्यापासून जड वाटत होता. त्याने तो दोनदा झटकला आणि कामाला लागला.

जॅक लावला, खाली लाकडाचे ओंडके सरकवले, पुनमच्या मदतीने चाक उतरवून केळीच्या खोडाला टेकवून ठेवलं. एक्सल ज्या लोखंडी नळ्यात बसतो तो नळा गिअरबॉक्सला बोल्टांच्या एका गोल कड्याने धरलेला असतो. सगळा भार त्या कड्यावर. हसीबने बोल्ट काढले, नळा ओढला, जुनं बेअरिंग उपटून नवं बसवलं, नळा पुन्हा जागेवर चढवला. बोल्ट हाताने फिरवून लावले आणि मग पाना घालून, पान्याच्या दांड्यात लांब पाइप घालून, एकेक आवळायला घेतला. आधी सगळ्यात खालचा, अडचणीतला. मग त्याच्या समोरचा. मग बाजूचे.

निम्मं कडं झालं असेल नसेल, तेव्हा छातीत काहीतरी आवळलं. पाना त्याच्याच छातीत फिरवल्यासारखं. तो तसाच गुडघ्यावर बसून राहिला. घाम फुटला. श्वास यायचा, पण अर्ध्यातूनच परत फिरायचा. विहिरीवरची मोटर इतका वेळ घुमत होती, ती नेमकी वीज गेल्याने थांबली आणि सगळीकडे सामसूम झाली. वारा नव्हता. पण समोरच्या बागेत एकच पान हलत होतं, बाकीची सगळी स्तब्ध.

"हसीबभाऊ, चला, फुनके-कढी केलीय. गरम आहे तोवर खाऊन घ्या," पुनमची हाक आली. घर बागेच्या पलीकडच्या टोकाला.

आता उस्तादचा एक नियम होता: कडं अर्धवट टाकून उठायचं नाही. हात विसरतो, कुठला आवळला, कुठला राहिला. हसीबने जन्मात हा नियम मोडला नव्हता. त्या दिवशी मोडला. कारण पाइपला पुन्हा हात घालायची त्याची छाती होईना. कुणाला हे कळू द्यायचंही नव्हतं. "आलो," म्हणून तो उठला, पाना तिथेच ठेवला आणि केळीच्या ओळींतून हळूहळू घराकडे गेला.

घास गेला, पाणी प्यायला, थोडा वेळ भिंतीला टेकला. कळ ओसरली. गॅसच असणार, त्याने मनाला सांगितलं. मग तो परत निघाला.

शेडीपाशी आबा खाटेवर ताठ बसले होते. मान ट्रॅक्टरच्या दिशेला.

"हसीब?"

"हो आबा, मीच."

"तू... आत्ता आला?"

"जेवायला गेलो होतो ना. सुनबाईंनी हाक मारली ती ऐकली नाही का?"

आबांनी मान त्याच्याकडे वळवली. मग आवाज उतरवून म्हणाले, "आयकली. तू गेला तेबी आयकलं. पन पाना वाजत व्हता, भो. मी म्हटलं, तू परत आला असशीन."

"कोण होतं इथे?"

"मले दिसते का?... पाना वाजला. येक येक करून. मंग थांबला." आबा खाटेच्या कडेला सरकले. "तू तंबाखू कधीपासून खाऊ लागला रे?"

"मी नाही खात, आबा."

"मंग टाळी कोनी मारली?"

 हसीब वळला, ट्रॅक्टरजवळ गेला, खाली वाकला.

कड्यातल्या बोल्टांवर चुन्याच्या रेघा होत्या. तिरक्या. ओल्या.

त्याने आधी भिंतीकडे पाहिलं. माणूस असंच करतो, जवळचं कारण शोधतो. पण भिंतीचा चुना केव्हाच वाळला होता. बोट फिरवलं तर नुसती भुकटी लागली. ओट्याखाली चिखल होता, त्यात त्याच्या आणि पुनमच्या पावलांखेरीज काही नव्हतं. मग त्याने पाना घेतला आणि एकेक बोल्ट तपासला. जे त्याने आवळले नव्हते तेही आवळलेले होते. पाइपवर भार टाकला तरी ढिम्म हलेनात. असं आवळणं त्याने एकाच माणसाच्या हाताचं पाहिलं होतं.

त्याने पिशवी ओढली. डबी काढून कानाशी हलवली. खुळखुळली नाही. उघडली, तर आत चुना लोण्यासारखा मऊ, आणि त्यात अंगठ्याचा खोल ठसा.

"काय हाये रे?" आबांनी विचारलं.

"काही नाही, आबा."

"काही नही कसं..."

"काही नाही म्हटलं ना!" हसीब खेकसला, आणि खेकसताना त्याचा आवाज चिरकला. भीती वाटत होतीच, पण त्याहून जास्त रडू येत होतं. उस्ताद गेल्यावर तो रडला नव्हता. त्या दिवशी ट्रॅक्टरखाली बसून त्याने डोळे बाहीला पुसले आणि पुन्हा कड्याकडे पाहिलं. तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

एका बोल्टला रेघ नव्हती. सगळ्यात खालच्या, अडचणीतल्या. जो त्याने स्वतः, सगळ्यात आधी, जेवायला जाण्यापूर्वी आवळला होता.

त्याने पाना लावून पाहिला. घट्ट. माथा साबूत, गंज नाही, वरून बघाल तर नव्यासारखा. दोन मिस्तऱ्यांनी तो आवळला होता आणि तिसऱ्यांदा हसीबने. पण रेघ नव्हती. हसीबने तो सोडवायला घेतला. चार फेरे नीट फिरला आणि पाचव्याला काडकन आवाज होऊन अर्धा बोल्ट त्याच्या हातात आला. मोडलेल्या जागी लोखंड काळं होतं. ताजी चीर नव्हती ती. आतून केव्हाची गेलेली, नुसत्या कडेवर धरून राहिलेली. हाच बोल्ट दर वेळी ताणायचा, मग शेजारचे ढिले पडायचे, मग सगळा एक्सल. आणि सोमवारी उतारावर, मागून भरली ट्रॉली...

पुढचा विचार त्याने केला नाही. अडकलेला तुकडा काढला, पिशवीतला नवा बोल्ट लावला, आवळला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, डबीतला चुना नखावर घेऊन त्या नव्या बोल्टावर स्वतःच्या हाताने रेघ ओढली. 

चाक चढवलं. पुनमने ट्रॅक्टर चालू केला, बागेच्या कडेने फेरी मारली, बांधावरून उतरवला, वळवला. चाक सरळ, आवाज बंद.

"आता नेते बघा सगळ्यांना," ती वरूनच हसून म्हणाली. "हसीबभाऊ, तुमचा चेहरा का असा उतरलाय? बरं नाही का?"

"बरा आहे. दमलो जरा."

"घरी जाऊन पडा मग. आणि दाखवून घ्या कुणाला तरी."

 हसीबने निरोप घेतला तेव्हा आबांनी चाचपडत त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग पुटपुटले, "भला मानूस व्हता तो." कोण, ते दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

हसीब घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. मगरिबची अजान होऊन गेलेली. त्याने पिशवी बाहेरच्या खोलीत खुंटीला अडकवली, मोरीत हात घासून घासून ऑइल काढलं आणि आतल्या खोलीत येऊन बसला. कनीजने चहा आणला. यास्मिन, त्यांची कॉलेजातली मुलगी, दिव्याखाली पुस्तक घेऊन बसली होती. घर कसं रोजच्यासारखं होतं. त्याला इतकं बरं वाटलं की दुपारचं सगळं सांगूच नये असं त्याने ठरवून टाकलं.

कनीजने कप पुढे केला. तिची बाही वर सरकली.

मनगटावर आतल्या बाजूला, जिथे नाडी बघतात तिथे, चुन्याची रेघ होती. तिरकी.

"हे काय लागलंय?" त्याने शक्य तेवढ्या सहज विचारलं.

"हे होय? काय माहीत. दुपारी जरा डोळा लागला होता, उठले तर हे होतं. धुतलं तरी जात नाही. यास्मिनलाही लागलंय. दाखव गं."

यास्मिनने पुस्तकावरचा हात उलटा केला. तशीच रेघ. "कुठून लागलं कळतच नाही, अब्बा. आपल्या घरात तर चुना पण नाही."

हसीबने कप खाली ठेवला. सावकाश, कुणाला दिसू नये असा, त्याने आपला उजवा हात दिव्याकडे केला. मनगट पाहिलं. मग डावा. बाही कोपरापर्यंत सरकवली, हात उलटासुलटा करून पाहिला.

काही नव्हतं. स्वच्छ धुतलेली, रिकामी कातडी.

कनीज त्याच्याकडे बघत होती. तिला रेघेचं काही ठाऊक नसेल असं कसं म्हणावं? नूर महंमदचीच लेक ती. बापाने चुना कशाला लावला आणि कशाला नाही, हे ऐकतच मोठी झालेली. तिची नजर त्याच्या डाव्या मनगटावर खिळली आणि चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला.

"आज दुखलं होतं?" तिने अगदी हळू विचारलं.

हसीबला खोटं बोलवेना. "दुखलं. बरंच दुखलं. मी घाबरलो, कनीज."

"मग उठा. आत्ताच्या आत्ता जाऊ."

"आत्ता कुठला डॉक्टर... भुसावळ गाठायचं म्हणजे... आता बरं आहे गं मला. उद्या सकाळी जाऊ. पहिल्या गाडीने. कसम."

तो बोलत होता तोच बाहेरच्या अंधाऱ्या खोलीत, जिथे पिशवी टांगली होती तिथे, तळहातावर टाळी वाजली. मोठी नाही. तंबाखू मळून झाल्यावर मारतात तेवढीच.

 यास्मिनने पुस्तक मिटलं.

कनीज उठली. झोपेत चालावं तशी बाहेरच्या खोलीत गेली आणि लहानपणापासूनच्या सवयीने चपला उचलून दारात नेऊन ठेवल्या, तोंड बाहेरच्या बाजूला करून. ठेवल्यावर तिला आठवलं की अब्बांच्या चपला तर तिने कधीच देऊन टाकल्या होत्या. तिने वाकून पाहिलं. दारात हसीबच्या चपला होत्या.